माडीचा रंग

"माझा गुलाबी कुठे गेला ते आज तुमच्या डोळ्यांदेखत उकरून काढते," चिझुरू माडीच्या खिडकीतून म्हणाली आणि बाहेरच्या चौकटीवर ओला पॉलिशपेपर खसाखसा घासू लागली.

खाली गल्लीत तिचा बाप गेन्जिरो प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून बसला होता. "हळू बोल. चढणीवर पर्यटक आहेत."

"असू देत. फोटो काढायलाच आलेत. आपलाही काढतील."

हाकोदाते बंदरासमोरच्या या चढणीवर सगळी घरं अशीच. खाली जपानी जाळीची दारं, वर गोऱ्यांच्या धाटणीची रंगवलेली माडी. सहा वर्षांच्या चिझुरूने हट्ट धरला, तेव्हा गेन्जिरोने अख्खी माडी गुलाबी केली होती. शेजारी हसले, त्याने कुणाला जुमानलं नाही. पुढे तिने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं, समुद्रापलीकडे आओमोरीला गेली, आणि त्याने बोलणंच टाकलं. नात झाली तरी चकार शब्द नाही.

आजही बोलावलं ते शेजारणीने, याचा पाय मोडला म्हणून. चिझुरू लेकीला घेऊन आली. माडी हिरवीगार होती. संध्याकाळच्या बोटीने परत, आणि पुन्हा या घरात पाऊल नाही, हे तिने दारातच सुनावलं होतं.

हिरवा सुटला. खाली पिवळा लागला, त्याच्याखाली गुलाबी.

"आई, हा पिवळा कुणाचा गं?" शेजारी उभ्या छोट्या सुमिरेने विचारलं.

चिझुरूचा हात थांबला.

"तुझाच," खालून गेन्जिरो गुरगुरला. "तू झालीस तेव्हा लावला. म्हटलं, आता तरी येईल तुझी आई. उन्हाळा गेला, बर्फ पडून वितळलं. बाईसाहेब फिरकल्या नाहीत. मग फासला हिरवा."

"फोन करायला हात झडले होते तुमचे?"

"फोन कशाला हवा? बोट बंदरात शिरते तेव्हा सगळी चढण समोर असते. आंधळ्यालाही दिसली असती माडी."

चिझुरूने पॉलिशपेपर मुठीत चुरगळला.

"दिसली ना. हिला छातीशी बांधून डेकवर उभी होते मी. सगळ्या चढणीवर गुलाबी कुठेच नव्हता. वाटलं, बाबांनी मला पुसून टाकलं. धक्क्यावरूनच मागे फिरले."