नाळेवरचा राजा

जुनी होडी मोडून झाली होती. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत फळ्यांची रास पडली होती आणि म्हातारे केरूकाका तिच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, वीतभर तुकडा मांडीवर घेऊन बसले होते. तुकड्यावर पितळेचा बिल्ला ठोकलेला होता. त्यावर राजा आणि राणी. विलायतेच्या राजाला मुकुट चढला तेव्हा शाळेतल्या पोरांना असे बिल्ले वाटले होते. हा केरूकाकांच्या आजाला मिळाला आणि त्याने होडीवर ठोकला. पुढे होड्या बदलल्या, बिल्ला नव्या होडीवर चढत गेला.

हेतलने स्कूटर वाळूच्या कडेला लावली. ती काकांच्या शेजारची. मिरजोळ्याच्या कारखान्यात फायबरची कामं करायची आणि त्या विलायती राज्याभिषेकाच्या जुन्या वस्तू जमवायची. चहाचे डबे, कप, रुमाल. लांज्याच्या एका घरातून राजाचा मग आणताना तिने बदल्यात आपला नवाकोरा कुकर देऊन टाकला होता. हा बिल्ला ती दर नारळी पौर्णिमेला होडीच्या पूजेच्या वेळी मागायची आणि काका नुसते हसायचे.

आज ते हसले नाहीत.

"नवी होडी फायबरची. आमचा स्वरूप बोलतो, भोक पाडायचा नाय, पाणी शिरेल. म्हणून ह्याला दर्यात सोडतो."

"काका, मला द्या. काचेच्या कपाटात ठेवीन. रोज पुसेन."

"त्यानं काम केलंय गो बाय. तू त्याला पेन्शनीत बसवशील."

तुकडा फळीवर ठेवून काका घरात पाणी प्यायला गेले. तसा त्यांचा मुलगा स्वरूप जवळ आला.

"पकड आणू? खिळा काढून बिल्ला तुला देतो. बाबांना नुसता लाकूड देऊ, ते दर्यात टाकतील. त्यांना नीट दिसत पण नाय."

हेतलने तुकडा उचलला. कुंकू लावून लावून राणीचं नाक झिजलं होतं. राजाची दाढी अजून शाबूत होती. इतक्या वर्षांत बिल्ला पहिल्यांदाच तिच्या हातात आला होता. तिने तो बराच वेळ पाहिला.

"माझ्या कपाटात चोरीचं काही नाही, स्वरूप. खिळ्याला हात लावू नको. आणि काकांना सांग, मी येईपर्यंत दर्यावर जायचं नाही."

ती मिरजोळ्याला जाऊन आली ती फायबर जोडायच्या रेझीनचा डबा आणि पॉलिश पेपर घेऊन. काका तुकडा पोटाशी धरून वाट बघत होते. कोणाला काही न विचारता ती नव्या होडीच्या टोकाशी गेली आणि फायबर घासायला लागली.

"भोक पाडणार नाही," ती स्वरूपला म्हणाली. "लाकडासकट चिकटवते."

"लाटेनं सुटला तर?"

"माझ्या हातचं सुटत नाही."

काकांनी तुकडा तिच्या हातात दिला. तिने त्याच्या पाठीला आणि कडांना रेझीन लावलं. बिल्ला तेवढा उघडा ठेवला. कुंकू लागायचं तर तो उघडाच हवा. खाऱ्या वाऱ्यात राजाची दाढीही झिजणार, हे तिला कळत होतं. तिने तुकडा टोकावर बसवला आणि बिल्ल्यावर तळवा टेकून दाबून धरला.

काका शेजारी येऊन उभे राहिले.

"एवढी वर्षं मागत होतीस. आणि आता आपल्याच हातानं आमच्या होडीवर चढवलास?"

"ही होडी मोडाल तेव्हा मी न्यायला येणार. दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही."

"फायबर कुजत नाय, बाय. तू म्हातारी होशील."

"होऊ दे," हेतल म्हणाली. रेझीन अजून ओलं होतं. तिने दुसरा हातही वर ठेवला.