दोन फिकी पातळं

गिऱ्हाईक उंबरा ओलांडायच्या आत ते काय घेणार हे फोन सांगू लागला, तेव्हापासून इचलकरंजीच्या त्या दुकानात साड्यांचा ढीग पडेनासा झाला होता. जुने सेल्समन वसंतराव खामकर एकाच साडीची घडी मोडत आणि तीच खपत असे.

कुमुदताई आवटे गादीसमोर बसल्या. "पुढच्या महिन्यात ह्यांची साठीशांत आहे. हिरवीगार पैठणी काढा बघू."

वसंतरावांनी फोन पाहिला. 'हिरवी दाखवू नका. पंधरा दिवसांत दोन फिकी सुती पातळं घेतील.'

हा मजकूर त्यांनी वर्षभरात दोनदा वाचला होता. दोन्ही बायका पुन्हा आल्या त्या मोकळ्या कपाळाने. नवऱ्यांच्या मनगटावरची घड्याळं फोनवाल्या कंपनीचीच होती. काळजाचा ठोका चुकला की कंपनीला आधी कळे, आणि ती साड्यांचा अंदाज बांधे. तो अंदाज गिऱ्हाइकाला सांगायला सक्त मनाई होती.

"ताई, पैठणी मी बाजूला ठेवतो," वसंतराव म्हणाले. "आधी आवटेसरांना हार्टच्या डॉक्टरांकडे न्या. आजच."

"अहो, ते ठणठणीत आहेत!"

"असू देत. माझं एवढं ऐका."

त्या गोंधळून उठल्या आणि काहीच न घेता गेल्या.

सोळाव्या दिवशी वसंतरावांच्या नावावर फोनने ठपका ठेवला : 'विक्री हुकली. फिकी सुती पातळं, नग दोन.'

त्यांनी तो दोनदा वाचला, आणि अख्ख्या दुकानाला चहा सांगितला.