बाहेर थांबलेला माणूस

सगुणाबाईंनी उपचाराच्या संमतीपत्रावर सही केली आणि पेन नवऱ्याच्या हातात दिलं. साक्षीदार म्हणून पुंजारामांची सही हवी होती. त्यांचा हात कागदावर नुसताच टेकून राहिला.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर परत आला होता. नुसत्या रेडिएशननं आता भागणार नव्हतं. आधी रेडिओलहरींनी तो भाग तासभर तापवायचा, बेचाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे रेडिएशन जास्त लागू पडतं. कातडी भाजू नये म्हणून पोटाला-पाठीला गार पाण्याच्या पिशव्या लावतात.

पुंजारामांना त्यातला 'तापवायचा' एवढाच शब्द ऐकू आला. एकतीस वर्षं ते नाशकातल्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. वाफेचा नळ फुटला त्या दिवशी ते सोबत काम करणाऱ्या कोंडाजीपासून दहा हातांवर उभे होते. कोंडाजीचा सदरा काढायला गेले, तर त्याबरोबर दंडाची कातडी निघून आली. घरी त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"घरी जाऊ," ते हळूच म्हणाले. "जे व्हायचं ते घरी होईल."

"मला जगायचंय," सगुणाबाई म्हणाल्या. "करा सही."

त्यांनी सही केली. सगुणाबाई आत गेल्या आणि दार लागलं.

पुंजाराम समोरच्या बाकड्यावर बसले. शेजारी सुरगाण्याकडचं एक कुटुंब डबा सोडून जेवत होतं. त्यांनी भाकरी पुढे केली. पुंजारामांनी मान हलवली. दारामागून बारीक घुमणारा आवाज येत होता. बॉयलरचा नुसता आवाज ऐकून ते आतला दाब सांगायचे. या आवाजातून त्यांना काही कळेना. दर मिनिटाला ते घड्याळ बघत होते.

विसाव्या मिनिटाला आत बेल वाजली.

ती बेल पेशंटच्या हातात असते. भाजायला लागलं तर दाबायची, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. घुमणारा आवाज एकदम थांबला. पुंजाराम उठले. भिंतीचा आधार घेत ते दारापर्यंत पोचले. आता दार उघडेल आणि काय बघावं लागेल, या भीतीनं त्यांनी डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. मशीन चालवणारी निकिता बाहेर आली.

"भाजलं का तिला?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"नाही हो काका. काकू ठीक आहेत. त्यांनी बेल दाबली ती मला तुमच्याकडे पाठवायलाच."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बाहेर मालक बसलेत, त्यांना सांगून ये, मला काय होत नाय म्हणून. ते बॉयलरवर असायचे तेव्हा मी एकतीस वर्षं दारात बसले, पण मला असं सांगायला कोणी आलं नाय."