दिवसाआड इटली

“व्हेनिस काढून टाक,” डोरीन म्हणाली. “पूल चढा, पूल उतरा. माझ्या गुडघ्यांनी कुणाचं काय वाईट केलंय?”

मार्नीनं व्हेनिस काढून टाकलं. राहिली रोम, फ्लॉरेन्स आणि बोलोन्या. तीनच शहरं, प्रत्येक ठिकाणी आठवडाभर मुक्काम, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी आसपासची गावं. घाई नाही, धावपळ नाही. रविवारची दुपार होती. अमेरिकेतल्या डुलूथ गावातल्या त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरोवरावरचा बर्फ फुटताना दिसत होता. टेबलावर नकाशा पसरून चौघं बसली होती. डोरीन, तिची लेक मार्नी, जावई कर्ट आणि चौदा वर्षांची नात एल्सी.

डोरीननं उभं आयुष्य शाळेची बस चालवली होती. दुसऱ्यांच्या पोरांना सहलीला न्यायचं आणि आपण गाडीतच बसून सँडविच खायचं. निवृत्त झाल्यावर पहिलं काम म्हणजे इटली, असं तिनं ठरवून टाकलं होतं. निवृत्तीच्याच वर्षी किडन्यांनी हात टेकले. तेव्हापासून दिवसाआड डायलिसिस. सकाळ मशीनला बांधलेली, दुपार झोपेत. कॉफी अर्धा कप, पाणी घोटाघोटानं, टोमॅटो वर्ज्य. मार्नीनं तिन्ही शहरांत मशीनची सोय शोधून काढली होती. तिथल्या दवाखान्यांना होकार कळवायचा तेवढा बाकी होता.

“इटलीला जायचं आणि टोमॅटो खायचा नाही,” डोरीन कुरकुरली. “म्हणजे लग्नाला जाऊन जेवायच्या आधी उठायचं.”

“काळजीच करू नका आई,” कर्ट म्हणाला. “तुमच्या वाटणीचे मी खाईन.”

“ते तू इथंही खातोसच.”

सगळी हसली. या घरात हसणं बंद पडलं नव्हतं. फक्त एक विषय बंद होता.

दोन वर्षांपूर्वी मार्नीनं आईला न सांगता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. तिची किडनी आईला चालणार होती. ती आनंदानं सांगायला आली, तर डोरीननं तिला दारातच फैलावर घेतलं. “आईनं लेकीला द्यायचं असतं, लेकीकडून ओरबाडायचं नसतं. उद्या एल्सीला लागली तर तिला काय देशील? आणि तुलाच काही झालं तर?” पुन्हा हा विषय काढलास तर माझं तोंड बघू नकोस, इथवर मजल गेली. मार्नीनं पुन्हा विषय काढला नाही. आपण लेकीला वाचवलं, असं डोरीनला वाटत आलं होतं.

“आता पाळ्या ऐका,” एल्सी म्हणाली. “मशीनच्या दिवशी एक जण आजीजवळ थांबणार, बाकीची दोघं फिरायला जाणार. ऑर्व्हिएतोच्या दिवशी बाबा थांबेल. सिएनाच्या दिवशी आई. लुक्काच्या दिवशी मी.”

“तू कशाला?” डोरीन म्हणाली. “तिथं गावाच्या तटावरून सायकली चालवतात म्हणून तूच नाचत होतीस ना?”

“सायकल काय, इथंही आहे.”

“काही नको. मी एकटी बसेन. इथं बसत नाही का?”

“इथं कुठं एकटी बसतेस तू? कुणीतरी असतंच की.”

ते खरंच होतं. डोरीननं अर्ध्या कपातला शेवटचा घोट घेतला आणि लेकीकडे वळली. “आणि यात तुझं गाव कुठलं गं, मार्नी? तुला काय बघायचंय?”

“मला सगळंच आवडेल.”

“खोटं,” एल्सी म्हणाली. “आईला डोंगरात चालायचंय. पार उत्तरेला. पाठीवर पिशवी टाकून, आठवडाभर, आज या खिंडीत तर उद्या त्या. पण तिथं वर मशीन नाही ना.”

“एल्सी, पुरे.” मार्नी हसली. “डोंगर काय पळून जातात?”

डोरीन तिच्याकडे बघत राहिली. ही पोरगी पूर्वी दर उन्हाळ्यात पिशवी पाठीला लावून नाहीशी व्हायची. रापलेली, नाकाची सालं निघालेली परत यायची. शेवटची कधी गेली? डोरीनला आठवेना. कर्ट मित्रांबरोबर उत्तरेला मासेमारीला जायचा, तोही थांबला होता. कुणी तक्रार केली नव्हती. दवाखान्यापासून एका दिवसाच्या वाटेपलीकडे या घरातलं कुणीच गेलं नव्हतं. आणि ती समजत होती, मशीनला आपण एकटीच बांधलेली आहोत.

“तर मग फ्लॉरेन्सच्या दवाखान्याला आजच कळवून टाकते,” मार्नी म्हणाली.

“नको.”

“नको म्हणजे?”

“कुणालाच काही कळवू नकोस. यंदा जायचं नाही.”

कर्टनं हातातला कप खाली ठेवला. एल्सीचा चेहरा एवढासा झाला. “आजी, मी बोलले म्हणून का?”

“हो. तू बोललीस म्हणूनच.”

डोरीननं नकाशा स्वतःकडे ओढला. तिन्ही शहरं ओलांडून तिचं बोट वर गेलं, जिथं कुणीच काही खूण केली नव्हती तिथं थांबलं. मग तिनं मान वर करून लेकीकडे पाहिलं.

“तुझ्या तपासण्या केल्या होत्या ना, उद्या त्या डॉक्टरीणबाईंना फोन कर,” ती म्हणाली, “आणि विचार, आईला एक किडनी दिलेल्या बाईला पुढच्या उन्हाळ्यात डोंगर चढता येतो का.”