प्रिंटरचं फोल्डर

दिवसातलं ते नववं मशीन होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने डोळे चोळत स्क्रीन मावशींकडे वळवला. "डॉक्युमेंट्स, फोटो, तुमचं म्हणून जे जे होतं ते आधी काढून ठेवलं आणि परत टाकलं. बाकी कॉम्प्युटरचं स्वतःचं सामान होतं. ते पुसून नवं भरलंय."

मावशींनी डॉक्युमेंट्सकडे पाहिलंही नाही. प्रोग्रामांच्या गर्दीत शिरून त्यांनी प्रिंटरचं फोल्डर उघडलं आणि बराच वेळ त्या खालीवर शोधत राहिल्या.

"इथे ह्यांचा आवाज होता. दवाखान्यातून पाठवलेला. शेवटचा."

रोजचं पाठ झालेलं वाक्य त्याच्या तोंडातून निघून गेलं. "अहो मावशी, ही काय आपल्या वस्तू ठेवायची जागा आहे?"

"डॉक्युमेंट्स आमचे चिरंजीव आवरतात, दर रविवारी. 'आई, किती हा पसारा' म्हणत पुसत सुटतात." मावशींनी माउस हळूच बाजूला सरकवला. "इथे मात्र कॉम्प्युटरच दम द्यायचा, काही काढू नका म्हणून. आमच्या मुलाला नाही म्हणणारं घरात तेवढंच एक उरलं होतं."