इन्शिराहच्या रिपोर्टमधला शब्द

कागदाच्या डोक्यावर नाव अरबीत होतं: इन्शिराह. खाली सगळं इंग्रजी, आणि त्यातल्या एका शब्दाभोवती लाल पेनाने केलेला गोल.

बहजत उस्तादांनी चष्मा पुसून शब्द पुन्हा वाचला. छत्तीस वर्षं त्यांनी इजिप्तमधल्या मन्सूराच्या शाळेत अरबी व्याकरण शिकवलं होतं. इंग्रजीशी त्यांची ओळख जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्याइतकीच. लेकीचा जुना शब्दकोश काढला. त्यात हा शब्द नव्हता. लॅबच्या कारकुनाने स्पेलिंग स्वतःच्या जबाबदारीवर केलं असणार. फोनमध्ये टाकला, तर फोनने उलट विचारलं: तुम्हाला ‘प्रोटेस्ट’, म्हणजे ‘निदर्शने’, म्हणायचंय का? उस्तादांनी फोन तत्काळ बंद केला आणि सरकार ऐकत असेल तर, खबरदारी म्हणून त्यावर उशी ठेवली.

आठवड्यापूर्वी आपल्याला अशक्तपणा वाटतो असं सांगून इन्शिराह त्यांना लॅबमध्ये घेऊन गेली होती. स्वतः उस्तादांनी अकरा वर्षांत डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं. डॉक्टरकडे गेल्यामुळे आजार होतात, असं त्यांचं मत. पण बायको सुईला घाबरत होती. तिला धीर यावा म्हणून आधी त्यांनीच बाही वर करून रक्त दिलं. मग तिने त्यांना चहा आणायला पिटाळलं. नवऱ्यासमोर रडायची लाज वाटते म्हणाली.

काल म्हणाली, रिपोर्ट अजून आलाच नाही. आज चाव्या शोधताना तो तिच्या पर्समध्येच सापडला. म्हणजे ती लपवत होती. म्हणजे शब्द साधासुधा नसणार.

त्यांनी कागद खिशात घातला, स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला लागले.

“हे काय नवीन?” मुलूखियाची पालेभाजी चिरता चिरता इन्शिराहने विचारलं. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा बशी धुताय, आणि तीही माझी आवडती फोडलीत.”

“हात घसरला. तू बस. उभी राहू नकोस.”

“मी बसलेलीच आहे, उस्ताद.”

“मग आडवी हो.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “गुरुवारी डॉक्टरकडे येताय ना माझ्यासोबत?”

“येणार म्हणजे काय, येणारच.”

“डॉक्टर सांगेल ते ऐकायचं.”

“ऐकायचंच! गोळ्या म्हणाला तर गोळ्या, ऑपरेशन म्हणाला तर ऑपरेशन. मी टाळाटाळ खपवून घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.”

“शपथ घ्या.”

“लेकीची शपथ.”

इन्शिराह घाईघाईने भाजीवर वाकली. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय हे पाहून उस्ताद ब्रेड आणतो सांगून बाहेर पडले.

वाटेत दोन मशिदी लागतात. नमाजाची वेळ नव्हती, तरी दोन्हीकडे ते लगबगीने आत जाऊन आले. अलीकडे ते एकही मशीद चुकवत नसत. वय झालं की माणूस धार्मिक होतो, असं मोहल्ल्यात कौतुकाने बोललं जाई.

औषधाच्या दुकानात मारियान होती; फार्मासिस्टला तिथे सगळे डॉक्टरच म्हणत. तिच्या वडिलांना उस्तादांनी व्याकरण शिकवलं होतं, आणि ते वर्ष ते कुटुंब अजून विसरलेलं नव्हतं.

“डॉक्टर मारियान, माझ्या बायकोचा रिपोर्ट आहे. हा लाल गोलातला शब्द. खरं काय ते सांग. मी खंबीर आहे,” असं म्हणून त्यांनी काउंटर घट्ट धरला.

मारियानने कागद उजेडात धरला. “दोन अक्षरं इकडची तिकडे झालीत,” ती पुटपुटली. मग तिने वरचं नाव पाहिलं. मग उस्तादांकडे पाहिलं. मग पुन्हा नाव पाहिलं.

“वाचेल ना ती?”

“उस्ताद, घाबरू नका. आकडा थोडाच जास्त आहे. वेळेत कळलंय. डॉक्टरांना दाखवायचं, बहुतेक गोळ्यांवर भागेल.”

उस्ताद स्टुलावर बसले आणि बराच वेळ देवाचे आभार मानत राहिले.

“पण आहे काय हे?” डोळे पुसत त्यांनी विचारलं. “तिला नीट समजावून सांगायला हवं ना. बिचारी एकटीच मनात घेऊन बसलीय.”

“एक ग्रंथी आहे. वयाप्रमाणे जरा फुगते.” मारियानचे कान लाल झाले होते. ती औषधांच्या बाटल्या विनाकारण सरळ करू लागली. “आणि बाईंना काही समजवायला नको, उस्ताद. त्यांना सगळं माहीत असणार.”

“तिला कसं माहीत असेल?”

“कारण ही ग्रंथी,” मारियान बाटल्यांना उद्देशून म्हणाली, “बायकांना नसतेच.”