अंगणातला निवेदक

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या आंधळ्या बहिणीला कादंबरीकार भाऊ आपलीच गाजलेली कादंबरी वाचून दाखवत होता. चुन्याच्या डब्याचं पान आलं आणि तो भराभर वाचू लागला. ‘मी अंगणात होतो,’ कादंबरीतला निवेदक सांगत होता, ‘बहिणीनंच फळीवरचा डबा ओढला आणि चुना तिच्या डोळ्यांत गेला.’ तिची बोटं वेतावर थबकली. “इथं वीण सैल पडली, दादा. तुझा निवेदक थापाड्या आहे!” “लोक तर त्याला प्रामाणिक म्हणतात,” तो पुटपुटला. “लोकांचं काय जातंय! लहानपणी मीसुद्धा आईला हेच सांगितलं. तुला मार बसला असता ना.” तिनं वेत घट्ट ओढला. “पण मला शेवटचा दिसला तो डबा भिरकावणारा तुझाच हात.” त्यानं पुस्तक मिटलं. “मिटू नकोस. तेवढं पान पुन्हा वाच, आणि या वेळी निवेदकाला अंगणातून घरात आण.”